सहा महाविद्यालयांचे गायनवृंद एकाच रंगमंचावर : क्रम, पट्टी आणि माइक कसे ठरवावेत?

गंगापूर_रोड

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत नाशिकमध्ये विद्यापीठ पातळीवर समूहगानाचा एक कार्यक्रम ठरतो आहे. स्पर्धा नाही, फक्त गाणं. सहा महाविद्यालयांचे वृंद, प्रत्येकात २० ते ३० मुलंमुली. चार वृंद मराठी-हिंदी समूहगीतं गाणार (पेटी, तबला, ढोलकी, एकाकडे संबळ), एक फक्त मुलींचा वृंद रागावर बांधलेल्या रचना गाणार आणि एक वृंद पाश्चात्त्य पद्धतीने चार आवाजांत, कीबोर्डवर. शेवटी सगळ्यांचं मिळून एक गीत, म्हणजे साधारण १५० गळे.

शालिमारचं कालिदास कलामंदिर मिळालं तर तिथे, नाहीतर कॉलेजच्या मैदानावर मंडप. वापरायला मिळणारी रुंदी ३४ फूट धरली आहे, वेळ अडीच तास. यातली बरीच मुलं युवक महोत्सवात गाणारी आहेत, म्हणजे सहा जणांच्या समूहगीताची सवय. आम्हाला अडलंय ते असं : वृंदांचा क्रम कशावरून लावायचा, माइक किती आणि कुठे, शेवटचं गीत कोणत्या पट्टीत (कोणता सूर 'सा' धरून) घ्यायचं, आणि १५० जण उभे कुठे करायचे?

मंद्र_पंचम

आधी पट्ट्या मागवा, क्रम आपोआप लागेल. सहाही वृंदांकडून आजच तीन गोष्टी लिहून घ्या : गाण्याची पट्टी, गाण्यातला सर्वांत खालचा स्वर आणि सर्वांत वरचा स्वर. बहुतेक ठिकाणी क्रम पाहुण्यांच्या सोयीने किंवा कॉलेजच्या नावाने लागतो आणि मग प्रत्येक गाण्याआधी तबलजी हातोडी घेऊन बसतो. एक तबला अर्धा-पाऊण स्वर वरखाली आरामात मिळतो, त्यापलीकडे गेलं की गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकावे लागतात, आणि इतकं ओढलेलं कातडं पुढची दहा मिनिटं स्वरावर ठरत नाही. म्हणून पट्टीप्रमाणे गट करा : काळी चार (म्हणजे पेटीच्या सप्तकातला चौथा काळा सूर 'सा'), पांढरी सहा, काळी पाच हा एक गट, पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन हा दुसरा. पहिल्या गटाला मोठ्या तोंडाचा ढाला (खालच्या सुराचा) तबला, दुसऱ्याला लहान तोंडाचा टिपेचा (वरच्या सुराचा). दोन्ही तबले कार्यक्रमाच्या निदान अर्धा तास आधी रंगमंचावर, दिव्यांखाली नेऊन ठेवा आणि तिथेच मिळवा. ग्रीनरूममध्ये मिळवलेला तबला दिव्यांच्या उष्णतेने कातडं वाळून चढतो. मैदानावर उलट होतं. नाशिकच्या जानेवारीत रात्री दव पडतं, कातडं ओल धरतं आणि स्वर उतरतो, त्यामुळे वाजवत नसताना तबल्यावर जाड कापड हवंच.

मिश्र वृंदाच्या पट्टीबद्दल. मुलींची सवयीची पट्टी काळी चार-पाच, मुलांची काळी एक-दोन. मग "मधली काढू" म्हणून पांढरी चार घेतात आणि दोघांचीही अडचण करतात. पट्टी सवयीवरून काढू नका, गाण्याच्या पल्ल्यावरून काढा. न शिकलेल्या मुलींचा गळा न ओढता चालतो तो मधल्या सप्तकाखालच्या पांढऱ्या सहापासून वरच्या पांढऱ्या दोनपर्यंत. मुलांचा पल्ला तोच, बरोबर एक सप्तक खाली. आता गाणं मंद्र पंचमापासून (खालच्या 'प'पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या 'सा'पर्यंत) जात असेल तर षड्ज पांढरी दोनवर ठेवा : पंचम पांढऱ्या सहावर येतो, तार षड्ज वरच्या पांढऱ्या दोनवर, सगळं पल्ल्यात. गाणं मध्य षड्जाखाली जात नसेल पण तार पंचमापर्यंत चढत असेल, तर काळी चार. पंचम वरच्या काळी दोनवर येतो, पल्ल्याच्या अर्धा स्वर बाहेर, पण क्षणभर लागणारा असेल तर चालतो. त्यावर चार मात्रा उभं राहायचं असेल तर तो स्वर फक्त सहा-आठ तयारीच्या मुलींना द्या, बाकीच्यांना खालचा षड्ज धरायला सांगा.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. सहा कॉलेजांच्या सहा पेट्या आणल्या तर त्या एकमेकींशी जुळणार नाहीत. जुन्या पेटीचे सूर उतरलेले असतात, आणि कीबोर्ड मात्र ४४० हर्ट्झवर पक्का. पेटी एकच ठेवा, ती आठवडाभर आधी कारागिराकडून कीबोर्डशी मिळवून घ्या आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरे तिच्यावर लावा. स्केलचेंजर पेटीनेही हा प्रश्न सुटत नाही. तिथे बोटांखालच्या पट्ट्या सरकतात, सूर तेच राहतात.

विंगेतून

उभं राहण्याचा हिशेब. एका माणसाला खांद्याची जागा २२ इंच धरा. ३४ फुटांत १८ जण मावतात. पाच रांगा केल्या तर ९०. मागच्या चार रांगांना लेव्हल (उभं राहायचे चौथरे) लागतील : ८, १६, २४ आणि ३२ इंच, प्रत्येकाची खोली किमान २ फूट. २४ आणि ३२ इंचांच्या लेव्हलना मागून कठडा लावल्याशिवाय मुलं चढवू नका, आणि पाय एकमेकांना दोरीने नव्हे, क्लॅम्पने जखडा. वरून पातळ गालिचा ठोका, नाहीतर ९० जोडी चपलांचा आवाज प्रत्येक माइकमध्ये जाईल. अनवाणी उभं केलं तर सर्वांत उत्तम.

उरलेले ६० बाजूच्या वाटांमध्ये उभे करायचा मोह होतो. करू नका. पहिली गोष्ट, त्या वाटा बाहेर पडायच्या आहेत आणि मोकळ्याच राहिल्या पाहिजेत. दुसरी, सभागृहाच्या मध्यावर उभा असलेला मुलगा रंगमंचापासून ५० फूट लांब असतो. तिथून आवाज पोचायला ४४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत हा मात्रेचा चौदावा हिस्सा झाला. गाण्यात तो खपून जातो, टाळीत नाही. "टप्" ऐवजी "टपटप" ऐकू येतं. ६० जणांना रंगमंचाच्या खाली, अगदी लगत, २०-२० च्या तीन रांगांत प्रेक्षकांकडे तोंड करून उभं करा आणि खुर्च्यांच्या पहिल्या दोन रांगा रिकाम्या ठेवा. हात दाखवणारा माणूस त्यांच्यासमोर एक फुटाच्या लेव्हलवर, म्हणजे तो वरच्यांनाही दिसेल.

माइक : आपल्याकडचा साउंडवाला समूहगान म्हटलं की आठ हातातले माइक स्टँडवर लावतो, दर तीन-चार मुलांमागे एक. त्यातून वृंद ऐकू येत नाही, माइकजवळची आठ मुलं ऐकू येतात, आणि आठही माइक उघडे ठेवल्यावर शिट्टी येतेच. त्याला कंडेन्सर माइक (लांबूनही आवाज टिपणारे) सांगा आणि मिक्सरवर ४८ व्होल्टचा पुरवठा आहे का ते आधी विचारा. त्याशिवाय ते चालत नाहीत. ३० जणांच्या वृंदाला (१० च्या तीन रांगा, रुंदी १८ फूट) दोन पुरतात, ९० ला चार. पहिल्या रांगेच्या ३ फूट पुढे, डोक्यांच्या २ फूट वर, तोंड मागच्या रांगेच्या चेहऱ्यांकडे. दोन माइकांतलं अंतर ९ फूट, म्हणजे गायकापासूनच्या अंतराच्या तिप्पट. त्याहून जवळ आणले की एकच आवाज दोन माइकांत मागेपुढे पोचतो आणि गाणं नळीतून आल्यासारखं पोकळ वाटतं. मॉनिटरमध्ये (गायकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) फक्त पेटी आणि तानपुरा द्या, वृंदाचा स्वतःचा आवाज अजिबात नको. ढोलकीला बंद सभागृहात माइक लागत नाही. संबळ तर वृंदापासून सहा फूट बाजूला, विंगेकडे तोंड करून.

वेळ : प्रत्येक वृंदाला गाण्याची १० मिनिटं आणि बदलाची ३, सहांचे ७८. शेवटच्या गीताला मांडणीसकट १२, प्रास्ताविक आणि दीपप्रज्वलन १५. एकूण १०५ मिनिटं. अडीच तासांत हे आरामात बसतं, पण सत्कार वेगळे काढले नाहीत तरच. सत्कार पडद्यापुढे, वृंद बदलत असताना करा. लेव्हल सगळ्यांसाठी त्याच ठेवा, हलवायच्या नाहीत. वृंद एका विंगेतून चढेल आणि दुसऱ्या विंगेतून उतरेल, मागची रांग आधी.

गंगापूर_रोड

दोघांचेही मनापासून आभार, पट्ट्या मागवायला आजच निरोप पाठवला. समूहगीत-वृंदांच्या शिक्षकांना शेवटच्या गीतात थोडा स्वरमेळ (एकाच वेळी वेगवेगळे स्वर) हवा आहे. चाल भूप रागाच्या अंगाची आहे. पाश्चात्त्य वृंदाचे शिक्षक म्हणतात, वर एक आवाज चढवू. करावं का?

आल्टो_दुसरी_रांग

वर समांतर आवाज चढवू नका. भूपात सा रे ग प ध एवढेच स्वर. 'सा'च्या वर 'ग' मिळेल, 'ग'च्या वर 'प' मिळेल, पण 'रे'च्या वर तिसरा स्वर मध्यम आणि तो रागातच नाही. तिथे मुलं एकतर मध्यम लावतील किंवा पंचमावर उडी मारतील, आणि दोन्ही कानाला खटकेल. तीन गोष्टी चालतात. मुलांनी खालचा षड्ज आणि पंचम धरून ठेवणं. ध्रुवपदाची ओळ दुसऱ्या गटाने चार मात्रा उशिरा उचलणं. आणि शेवटच्या ओळीला सा-ग-प असा तीन थरांचा मुक्काम. चार मात्रांची उचल करायची असेल तर आधी पेटीवर दोन्ही ओळी एकत्र वाजवून बघा. 'रे' आणि 'ग' एकाच मात्रेवर लांब पडत असतील तर दोन मात्रांनी सरकवा.

सहा जणांच्या सवयीबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण खरी अडचण तिथे आहे. महोत्सवातला गायक ऐकून गातो, कारण बाकीचे पाच जण हाताच्या अंतरावर असतात. १५० मध्ये ऐकून गाणारा मागेच पडतो. त्याला हात बघून गायची सवय लावावी लागते, आणि ती तीन एकत्र तालमींशिवाय लागत नाही. त्याआधी सगळ्यांना एकच ध्वनिमुद्रण पाठवा : ठरलेली लय, सुरुवातीला चार मात्रांची मोजणी. शब्दांचा कागदही एकच, श्वासाच्या जागा उभ्या रेघेने दाखवलेल्या. लांब ओळीत श्वास जोडीजोडीने घ्या, शेजारचा घेत असेल तेव्हा आपण नाही.

उच्चारांसाठी पहिल्या तालमीतला अर्धा तास राखून ठेवा. 'चांदणं'मधला च आणि 'चंद्र'मधला च वेगळा, 'जग'मधला ज आणि 'जीवन'मधला ज वेगळा. घरी अहिराणी बोलणारी, हिंदी माध्यमातून आलेली आणि नाशिक शहरातली मुलं एका रांगेत असतील तर एकच शब्द तीन तऱ्हांनी येतो आणि पाचव्या ओळीतल्या प्रेक्षकाला तो कळतच नाही. शब्दाच्या शेवटचा 'स' आणि 'श' पहिल्या रांगेनेच म्हणावा, बाकीच्यांनी आधीच्या स्वरावर थांबावं. नाहीतर १५० जणांचा फुसकारा माइकमध्ये घुसतो.

पाश्चात्त्य वृंदाला सर्वांत शेवटी ठेवू नका. ते फक्त कीबोर्डवर गाणार, तेव्हा ढोलकी-संबळानंतर त्यांचा नाजूक आवाज कानाला लहान वाटतो. त्यांना पहिलं किंवा मुलींच्या रागदारी वृंदाला लागून ठेवा.

मंद्र_पंचम

आल्टोताईंच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मुलींचा वृंद काळी चारवर असेल तर पट्टीच्या गटालाही ते जुळतं.

राज्यगीत आणि राष्ट्रगीत घेणार असाल तर वेळेत धरा : १ मिनिट ४१ सेकंद आणि ५२ सेकंद. राष्ट्रगीत मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत जातं, तेव्हा प्रेक्षकांसह म्हणायला पांढरी एक योग्य. पेटीवर षड्ज वाजवून दोन मात्रा थांबा आणि मगच सुरू करा, नाहीतर सभागृहाचा अर्धा भाग वेगळ्याच पट्टीत उचलतो.

विंगेतून

दोन राहिलेल्या गोष्टी. मैदान ठरलं तर ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद, तेव्हा कार्यक्रम संध्याकाळी ६ लाच सुरू व्हायला हवा. वृंदाच्या मागे कापडी पडदा नको, कापड आवाज पिऊन टाकतं. ८ फूट उंच प्लायवूड उभं करा, म्हणजे मागच्या रांगेला पुढची ऐकू येईल.

दुसरी गोष्ट परवानगीची. श्रोते फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं असतील तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे. तिकीट लावून गाव बोलावलंत तर ती लागू होत नाही. तेव्हा प्रत्येक गाण्याचा कवी आणि संगीतकार दोघांनाही जाऊन ६० वर्षं झालीत का ते बघा, नसतील तर परवाना काढा. गाण्यांची यादी पट्ट्यांसोबतच मागवून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा निरोप पाठवायला नको.