सी शिकवताना आधी प्रिंटएफ की आधी राइट?

कोरडंप (धागाकर्ता)

दर वर्षी तोच प्रसंग. विद्यार्थ्याचा प्रोग्राम मध्येच सेगमेंटेशन फॉल्ट (भलत्याच मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन मरतो. तो बिचारा शहाण्यासारखा जागोजागी प्रिंटएफ पेरतो: ‘इथवर आलो’, ‘इथवरही आलो’. चालवतो, तर पडद्यावर काहीच नाही. मग पहिल्या प्रिंटएफच्या वरच्या ओळी तासभर तपासत बसतो आणि चूक सापडते चाळीस ओळी खाली.

संदेश ‘छापले’ गेले होते, पण स्टडआयओच्या (सीच्या इनपुट-आउटपुट लायब्ररीच्या) बफरमध्ये, म्हणजे बाहेर पाठवण्याआधी साठवून ठेवायच्या मेमरीतल्या जागेत. प्रोसेस मेली, तिची मेमरी गेली, संदेशही गेले. शेवटी न्यूलाइन दिली असती तर टर्मिनलवर दिसले असते, कारण तिथे स्टडआउट (प्रोग्रामचा नेहमीचा आउटपुट प्रवाह) ओळीओळीने रिकामा होतो. पण तोच आउटपुट फाइलमध्ये वळवा, न्यूलाइन असूनही पुन्हा गायब! फाइल किंवा पाइप (दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणारी वाट) समोर असली की बफर पूर्ण भरेपर्यंत काही बाहेर पडत नाही. एकच कोड, समोर कोण बसलंय ते बघून वागणूक बदलतो. नवशिक्याला हे समजावणार कसं?

म्हणून माझं मत: पहिले दोन आठवडे ओपन, रीड, राइट, क्लोज हे थेट सिस्टिम कॉल, बस्स. राइट परत आलं की बाइट कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) पोचले, विषय संपला. स्टडआयओचे एफओपन आणि प्रिंटएफ नंतर. बोला.

बाइटभर

साफ असहमत. एक एमबीची फाइल रीडने एकेक बाइट वाचायला सांगा. १०,४८,५७६ सिस्टिम कॉल, आणि फाइल संपली हे कळायला आणखी एक. तेच स्टडआयओच्या गेटसीने करा: बफर ४०९६ बाइटचं असेल तर २५६ कॉल आणि शेवटचा एक. बाकी सगळा वेळ गेटसी फक्त आपल्याच मेमरीतला पॉइंटर एकेक घर पुढे सरकवतो. कर्नलमध्ये जाऊन परत येणं फुकट नसतं. विश्वास नसेल तर एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून दोन्ही चालवा, पहिल्यात पडदा धावायचा थांबत नाही.

शिवाय राइट तुम्ही समजता तितकं सरळ नाही. १००० बाइट द्या, ते ६०० लिहून परत येऊ शकतं. उरलेल्यांसाठी लूप तुमचा, मध्येच सिग्नल आला तर तो सांभाळणं तुमचं. दोन आठवड्यांत तुमची पोरं स्वतःचं बफर लिहायला लागतील, आणि ते स्टडआयओपेक्षा वाईट असेल. हे काम माइक लेस्कने सत्तरच्या दशकात ‘पोर्टेबल’ इनपुट-आउटपुट पॅकेज लिहून केलंय, त्यातूनच पुढे आजचं स्टडआयओ घडलं.

आणि हो, डीबगचे संदेश स्टडएरवर (चुकांच्या संदेशांसाठीच्या वेगळ्या प्रवाहावर) छापायचे असतात. तो पूर्ण बफर होत नाही हे सीच्या मानकातच आहे. तुमचा अर्धा धागा इथेच संपतो.

कोरडंप

लिहू देत की स्वतःचं बफर! वाईट लिहू देत. एकदा हाताने लिहिलं की प्रिंटएफ काय करतो हे पुन्हा सांगावं लागत नाही. स्टडएरचं मान्य, पण ते ‘का’ हे कळायलाही आधी बफर कळायला हवं ना?

नल पॉइंटर

दोघांचं थोडं थोडं पटतंय, पण खरी मारामारी दोन्ही एकत्र वापरताना होते. वीस-पंचवीस बाइटची छोटी फाइल घ्या. एफगेटसीने एक अक्षर वाचा आणि मग त्याच डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलच्या क्रमांकावर) रीड मारा. शून्य येतं, फाइल संपली म्हणे! कारण एफगेटसीने एक अक्षर मागताना अख्खी फाइल ओढून स्वतःकडे ठेवलेली असते. आडात नाही म्हणून पोहऱ्यात नाही असं आपण म्हणतो. इथे पोहऱ्यात आहे म्हणून आड कोरडा.

दुसरी गंमत. प्रिंटएफने ‘नमस्कार’ न्यूलाइनसकट छापा, लगेच फोर्क करून प्रोसेसची नक्कल काढा, आई (मूळ प्रोसेस) आणि मूल (नक्कल) दोघांनाही मेनमधून परत येऊ द्या. टर्मिनलवर एक नमस्कार. आउटपुट फाइलमध्ये वळवला की दोन. फोर्कने मेमरीची नक्कल करताना न रिकाम्या झालेल्या बफरचीही नक्कल केली आणि जाताना दोघांनी आपापलं बफर ओतलं. मुलात एक्झिटऐवजी अंडरस्कोर-एक्झिट (बफर न ओतता थेट संपवणारं) का वापरतात, ते हेच. फोर्कच्या आधी एफफ्लशने बफर रिकामं केलं तरी भागतं.

म्हणजे मी धागाकर्त्याच्या बाजूने? नाही. आधी राइट शिकवलं म्हणून हा गोंधळ टळत नाही, उलट दोन्ही मिसळायची सवय लागते.

सावकाश

मला खटकलं ते एकच वाक्य: ‘राइट परत आलं, विषय संपला’. कुठे संपला? राइटचे बाइट कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्याच साठ्यात जातात. प्रोसेस मेली तरी ते टिकतात, वीज गेली तर जाऊ शकतात. डिस्कपर्यंत हवे असतील तर एफसिंक. आणि एफफ्लश म्हणजे एफसिंक नव्हे. एफफ्लश फक्त आपल्या बफरमधलं कर्नलच्या हाती देतो. ही दोन्ही नावं एकमेकांच्या जागी वापरणारे अनुभवी लोक पाहिलेत मी. मुलांना राइटने सुरुवात करून द्याल तर एका खोट्या समजुतीच्या जागी दुसरी बसवाल, एवढंच.

माझ्या स्वतःच्या अंगाशी आलेली गोष्ट. रात्री चालणारा एक प्रोग्राम अहवालाची फाइल लिहायचा. एका सकाळी फाइल शेवटच्या ओळीत मध्येच तुटलेली. प्रोग्राम म्हणतो सगळं ठीक, कारण प्रत्येक एफप्रिंटएफ यशस्वी. डिस्क भरली होती. शेवटचा तुकडा बफरमध्ये गेला होता, बाहेर पडायची वेळ एफक्लोजला आली आणि एफक्लोजने काय परत केलं ते मी बघितलंच नव्हतं.

घरबसल्या बघायचं तर लिनक्सवर आउटपुट डेव्हमधल्या फुल या डिव्हाइसकडे वळवा, तो कायम ‘जागा नाही’ म्हणतो. ‘नमस्कार’ आणि न्यूलाइन छापा. प्रिंटएफ खुशाल २२ परत करतो. (यूटीएफ-८ मध्ये नमस्कारचे २१ बाइट, एक न्यूलाइनचा.) एकही बाइट कुठे लिहिला गेलेला नाही. लगेच एफफ्लश बोलवा, तो ईओएफ (इथे चूक झाल्याची खूण) परत करून खरं सांगतो. माझं मत विचाराल तर पहिल्या तासाला हा प्रयोग दाखवा, मग प्रिंटएफ आधी की राइट आधी, काय वाटेल ते करा.

बाइटभर

सावकाश, +१. अवांतर: सेटव्हीबफला (प्रवाहाचं बफर नेमून देणाऱ्या फंक्शनला) मेनमधला लोकल ॲरे देणाऱ्यांनीही जपून. बफर शेवटचं रिकामं होतं ते मेन संपल्यावर, तेव्हा तो ॲरे जिवंत नसतो. स्टॅटिक करा.

नवशिका

मध्येच विचारतो. माझ्या आयडीईच्या खिडकीत ‘आकडा टाका’ दिसतच नाही. आधी आकडा टाकला की मग दिसतं. हेच का?

सावकाश

हेच. ती खिडकी बहुधा पाइपने जोडलेली आहे, टर्मिनल नाही. स्कॅनएफच्या आधी एफफ्लश करा, कंसात स्टडआउट.

नवशिका

दिसलं! पण पुस्तकात उरलेली न्यूलाइन काढायला एफफ्लशच्या कंसात स्टडइन लिहिलंय, ते काही चालेना.

कोरडंप

ते पुस्तक बाजूला ठेवा. इनपुट प्रवाहावर एफफ्लश काय करेल हे सीच्या मानकाने ठरवलेलंच नाही. न्यूलाइन येईपर्यंत गेटचारने वाचत राहा. (आणि बाइटभर, बघा, पहिल्याच आठवड्यात बफर निघालंच की नाही?)