१७ क्रमांकाची खोली: स्मारक असावे की पुन्हा कुणाचा तरी मुक्काम?

पेठकर (धागाकर्ता)

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाच्या पहिल्या क्रमांकाच्या वसतिगृहात १७ क्रमांकाची एक खोली आहे. १९०२ साली महाविद्यालयात दाखल झालेले विनायक दामोदर सावरकर येथे राहत असत. ती आता त्यांच्या स्मृतीसाठी राखून ठेवली आहे आणि २८ मे रोजी, जयंतीच्या दिवशी, लोक रांग लावून तिचे दर्शन घेतात. सावरकरांच्या विचारांवर येथे वाद नको, त्यासाठी इतर धागे पुष्कळ आहेत. मला प्रश्न पडतो तो त्या चार भिंतींचा.

माझे मत असे की खोलीवर पाटी असावी, जयंतीला ती सर्वांसाठी उघडावी, आणि बाकीचे दिवस तिथे विद्यार्थ्याने राहावे. ऑक्टोबर १९०५ मध्ये विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. म्हणजे ज्या खोलीतून त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले, तीच खोली आज त्यांच्या नावाने कुणाचेही बिऱ्हाड येऊ देत नाही. त्या खोलीला महत्त्व आले ते तिथल्या वास्तव्यामुळे, आसपासच्या मुलांच्या जमावामुळे (त्याला 'सावरकर कॅम्प' म्हणत) आणि रात्री चालणाऱ्या वादांमुळे. तिथे पुन्हा कुणी दिवा लावून अभ्यासाला बसले, तर त्यात अनादर कसला?

ते लंडनला गेल्यावर ज्या इंडिया हाऊसमध्ये राहिले, तेही १९०५ साली भारतीय विद्यार्थ्यांसाठी उघडलेले वसतिगृहच होते. हायगेट भागातल्या क्रॉमवेल अव्हेन्यूवरच्या ६५ क्रमांकाच्या त्या घरात आज साधी माणसे राहतात. भिंतीवर १९८५ साली बसवलेली गोल निळी पाटी आहे, ती वाचून लोक पुढे जातात. मला ही व्यवस्था पुरेशी वाटते.

दप्तरदार

पेठकर, सहमत नाही. निळी पाटी लंडनला पुरते, कारण त्या गल्लीला ती आठवण जपण्याची काही निकड नाही. आपल्याला आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहत होते. पाटीवर समाधान मानायचे असते, तर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतलेच नसते. तिथे संग्रहालय करण्यास कॅम्डन कौन्सिलने वापरबदलाची परवानगी नाकारली आणि निवासी घर निवासीच राहिले पाहिजे, असा आग्रह धरला. प्रकरण अपिलात गेले आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. कॅम्डनचा युक्तिवाद आणि तुमचा युक्तिवाद यांत मला फारसा फरक दिसत नाही, आणि तो तिथे टिकला नाही.

शिवाय अठरा वर्षांचा मुलगा खोलीत राहायला आला की दोरी बांधणार, खिळे ठोकणार, भिंतीवर वेळापत्रक डकवणार. हा त्याचा दोष नाही, वयच तसे आहे. पण शंभर वर्षांहून जुन्या भिंतीवर हे प्रयोग का करायचे?

माजी रेक्टर

मी दुसऱ्या एका जुन्या वसतिगृहात अकरा वर्षे रेक्टर होतो, म्हणून दोन अनुभवाच्या गोष्टी लिहितो.

दप्तरदार म्हणतात त्या खिळ्यांपेक्षा बंद खोली वास्तूचे अधिक नुकसान करते. आमच्याकडे एक कोपऱ्यातली खोली मोडक्या खाटा ठेवण्यासाठी कुलूपबंद होती. चार पावसाळ्यांनंतर उघडली तेव्हा चौकटीच्या खालच्या वीतभर लाकडात बोट सहज रुतत होते, कारण आतून वाळवीने सगळे पोखरले होते. शेजारच्या खोलीत, जिथे मुले राहत होती, तिथे तीच चौकट धडधाकट होती, कारण ओल दिसताच कुणीतरी येऊन कुरकुर करत असे. त्या बंद खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाच्या दाराला आतून खिळ्याने कोरलेली नावे होती, काहींच्या पुढे साल, एकाच्या पुढे 'नापास'. रंगाऱ्याने मी पोहोचण्याआधी त्यावर ऑइल पेंटचा हात फिरवला होता. तेव्हा स्मारक करा किंवा करू नका, पण रोज झाडू मारणारा आणि दार उघडणारा माणूस आधी नेमा.

दुसरी गोष्ट पेठकरांसाठी. चालत्या वसतिगृहात दर्शनाला लोक आणणे सोपे नसते. परीक्षेच्या आठवड्यात व्हरांड्यातून पन्नास पाहुणे गेले, तर तक्रार माझ्या टेबलावर यायची.

सायली_टीवाय

मला दोन्ही बाजूंचे पटत नाही, पण पेठकरांचे अधिक पटत नाही. ती खोली विद्यार्थ्याला द्यायची म्हणजे कोणत्या? गुणवत्ता यादीतल्या पहिल्याला, गरजूला, की ज्याच्या संघटनेचा आवाज मोठा त्याला? दर जूनमध्ये त्या एका खाटेवरून जे राजकारण होईल, त्यापुढे भिंतीतले खिळे काहीच नाहीत. जागांची टंचाईही एका खोलीने भागत नाही. आणि ते मुलांचे वसतिगृह आहे, हे कुणी लक्षात घेतलेले दिसत नाही. तिथे विद्यार्थी राहू लागला, तर मला किंवा माझ्या आईला ती खोली वर्षातून एकदाच पाहता येईल. स्मारक राहिले, तर निदान अधिक दिवस उघडे ठेवा अशी मागणी तरी करता येते.

एक गंमत मात्र सांगते. गव्हर्नरसाहेबांचे पावसाळी निवासस्थान १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाले, तेव्हा वास्तूचा वापर बदलला म्हणून कुणी हळहळल्याचे मी तरी वाचलेले नाही. मग वसतिगृहाच्या बाबतीतच आपण इतके हळवे का होतो?

पेठकर

सायली, निवडीचा मुद्दा मी खरोखर विचारात घेतला नव्हता आणि त्याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. विद्यार्थी ठेवण्याचा आग्रह मी सोडतो, कुलपाला असलेला विरोध सोडत नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात कवी-कथाकार एडगर ॲलन पो १८२६ साली शिकत होता. त्याची म्हणून दाखवली जाणारी १३ क्रमांकाची खोली काचेच्या दारामागे जुन्या सामानासह मांडून ठेवली आहे आणि त्याच ओळीतल्या इतर खोल्यांत आजही विद्यार्थी राहतात. येणारा बाहेरूनच पाहतो, आत पाऊल टाकत नाही. आपल्याकडेही तसेच का होऊ नये?

दप्तरदार

काचेला माझी हरकत नाही, पण ती मूळ लाकडी दार काढून बसवू नये. दार उघडे ठेवून आतल्या बाजूला वेगळ्या चौकटीत बसवावी, म्हणजे भिंतीला छिद्र पडणार नाही. आणि रेक्टरसाहेब म्हणतात तो झाडूवाला त्या काचेच्या आत जाणार कसा, हे आधी ठरवा.