टॅपच्या क्यूत पॅकेट कुणी वाटायची? ऑटोएमक्यू, आरएसएस की ईबीपीएफ

टिळकवाडीकर: उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा सर्व्हर केव्हीएमवर, म्हणजे लिनक्सवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, चालतो. ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर), व्हर्टिओ-नेट या आभासी नेटवर्क कार्डाला ४ क्यू (पॅकेटांच्या रांगा). भट्टीवरच्या सेन्सरांचा यूडीपी डेटा (यात हरवलेलं पॅकेट पुन्हा येत नाही) त्यावर येतो. तीन व्हीसीपीयू रिकामे, एक मात्र १०० टक्के, आणि रीडिंग गळतात. तापमानाच्या नोंदीच नसतील तर ओतकामाची अख्खी बॅच संशयात जाते. टॅप म्हणजे व्हर्च्युअल मशीनला पॅकेट पोचवणारा लिनक्सचा आभासी इंटरफेस; त्यातलं आपोआप क्यू निवडणारं ऑटोएमक्यू सोडून सरळ आरएसएस (आयपी, पोर्टवरून काढलेला आकडा, म्हणजे हॅश, टेबलमध्ये बघून क्यू ठरवणारी पद्धत) लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गेस्टनं, म्हणजे व्हर्च्युअल मशीननं, ज्या क्यूतून पाठवलं त्याच क्यूत येणारं पॅकेट टाकायचं, हा ऑटोएमक्यूचा नियम. आमचा गेस्ट काही पाठवतच नाही!

खानापूरचा गडी: नाही पटलं दादा. फ्लोची (त्याच दोन आयपी-पोर्टांमधल्या पॅकेटांच्या ओघाची) नोंद नसली की टॅप हॅशवरूनच क्यू ठरवतो. म्हणजे तुमच्याकडं आजही हॅशच चाललाय. सेन्सरांचा डेटा थेट येतो की गेटवेतून, म्हणजे सगळ्यांचा गोळा करून पुढं पाठवणाऱ्या यंत्रातून?

टिळकवाडीकर: गेटवेतून. सोर्स आयपी एक, पोर्टही एकच.

खानापूरचा गडी: मग बघा की! एकच फ्लो, एकच हॅश, एकच क्यू. आरएसएसची हॅश काढायची किल्ली (की) बदला नाहीतर टेबल बदला, सगळं पुन्हा एकाच क्यूत येणार. कोगनोळी टोलनाक्यावर एकाच मालकाचे सगळे ट्रक एकाच लेनमध्ये घातल्यासारखं आहे हे. आणि ऑटोएमक्यूला उगाच नावं ठेवू नका. वेब, डेटाबेस अशा दुतर्फा कामात थ्रेड (प्रोग्रामचं चालू काम) ज्या व्हीसीपीयूवर, तिथंच पॅकेट येतं. प्रोसेसरच्या कॅशेचा (जवळच्या जलद मेमरीचा) मोठा फायदा होतो.

टिळकवाडीकर: आणि थ्रेड दुसऱ्या व्हीसीपीयूवर गेला की फ्लोही मागोमाग उठतो, पॅकेटांचा क्रम बिघडू शकतो. ते का सांगत नाहीस?

निपाणीकर: इथं दोन्ही कामाचे नाहीत. लिनक्स ४.१६ पासून (२०१८) टॅपला आपला ईबीपीएफ प्रोग्राम (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, चालणारा छोटा प्रोग्राम) जोडता येतो. पॅकेटच्या आतला सेन्सर क्रमांक वाचून त्यावर क्यू ठरवा. क्रम एकेका सेन्सरपुरताच सांभाळायचा असतो, तो सांभाळला जातो.

टिळकवाडीकर: फाउंड्रीत ईबीपीएफ कोण सांभाळणार, अण्णा? आरएसएस निदान व्हर्टिओ १.२ च्या स्पेसिफिकेशनमध्ये आहे.

निपाणीकर: व्हीहोस्ट (पॅकेटांची ने-आण होस्टच्या कर्नलमध्येच करणारी सोय) चालू असताना क्यूईएमयू, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम, आरएसएस देतं, तेसुद्धा टॅपवर ईबीपीएफ चढवूनच. क्यूईएमयूला तेवढी परवानगी नसेल तर तो प्रोग्राम चढतच नाही. म्हणून आरएसएस लावलं असं म्हणण्याआधी गेस्टमध्ये ईथटूल या कमांडनं टेबल दिसतंय का बघा.

खानापूरचा गडी: अण्णा, पण ४ क्यूंमधून येऊन सगळं एकाच सॉकेटवर (प्रोग्रामनं पॅकेट घ्यायच्या दारावर), एकाच थ्रेडकडं जाणार असेल तर? तिथं गळती होणारच. रीयूजपोर्ट (एकच पोर्ट अनेक सॉकेटना वापरू देणारी सोय) लावून ४ सॉकेट उघडले तरी सोर्स पोर्ट एकच असल्यामुळं कर्नल त्यातला एकच निवडतो. तिथंही वेगळा बीपीएफ प्रोग्राम लागेल. त्यापेक्षा गेटवेलाच सेन्सरागणिक वेगळा सोर्स पोर्ट वापरायला लावा. क्यूही विभागतील, सॉकेटही.

टिळकवाडीकर: हे मात्र पटलं. गेटवेच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे का, उद्या फाउंड्रीत जाऊन बघतो. पण पोर्ट वेगळे झाले तरी वाटणी आरएसएसच्या टेबलनंच करणार. एखादी क्यू जड झाली तर टेबलमधली घरं मला हातानं हलवता येतात, ऑटोएमक्यूत ती सोय नाही.