मदत हवी आहे: वाघळांचा आवाज रेकॉर्डच होईना, सोमवारी सबमिशन

गढीवाला: बीएस्सी तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प आहे. गावातल्या गढीत रात्री रेकॉर्डिंग केलं. स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाच्या वारंवारतेचं चित्र) खाली नुसती घरघर दिसते, वर सगळं काळं. दोन-तीन ॲप बदलून झाले. चांगलं ॲप कोणतं तेवढं सांगा, लवकर.

परभणीकर: कशावर रेकॉर्ड केलं? सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला नमुने किती? अन् वाघळं कोणती, झाडाला लटकणारी मोठी की बारकी, म्हणजे पाकोळ्या?

गढीवाला: मोबाइलवर. बाकी जे असंल ते. वाघळं म्हणजे वाघळंच की भाऊ.

मोसंबीबाग: रात्रीचं कामून जाता गढीत? भिंती पडायला आल्यात. साप-किरडू असतंय.

परभणीकर: फरक पडतो. फळं खाणारी मोठी वाघळं डोळ्यांवर अन् वासावर चालतात, त्यांचा कलकलाट आपल्यालाही ऐकू येतो. गढीत पाकोळ्या असणार. त्या कंठातून काढलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून किडे धरतात, अन् तो आवाज बऱ्याच जातींत ४० किलोहर्ट्झ किंवा त्याच्याही वर. मोबाइल सेकंदाला ४८ हजार नमुने घेतो, म्हणजे त्याच्या निम्म्या, २४ किलोहर्ट्झच्या वरचं त्यात येतच नाही. ॲप काय करणार?

जुना_रेडिओ: हेटरोडाइन डिटेक्टर बनवा, तो असा आवाज खाली आणून आपल्याला ऐकवतो. अंतर मोजायचा ४० किलोहर्ट्झचा सेन्सर स्वस्तात मिळतो, एक ऑसिलेटर, एक मिक्सर, झालं. मी बनवलाय, मस्त टकटक ऐकू येते.

परभणीकर: टकटक ऐकू येईल, पण मूळ वारंवारता फाइलमध्ये राहणार नाही. पोराला स्पेक्ट्रोग्राम पाहिजे. अल्ट्रासोनिक यूएसबी माइक मिळवा, रेकॉर्डिंग दहापट हळू वाजवलं की ४५ किलोहर्ट्झचं साडेचार होतं.

जुना_रेडिओ: माइकला पैसे तुम्ही देता का? १९३८ साली ग्रिफिन नावाच्या विद्यार्थ्यानं हार्वर्डमध्ये वाघळांचा हा आवाज पहिल्यांदा पकडला तेव्हा कुठं होती यूएसबी?

परभणीकर: यंत्र तिथल्याच भौतिकशास्त्राच्या पियर्स प्राध्यापकांचं होतं, तयार. त्यांना सोमवारी सबमिशन नव्हतं.

लातूरची_लेक: माझ्या वडिलांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. असं काही श्रवणयंत्रात असतं का?

परभणीकर: ताई, वेगळा धागा काढा. आधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. ती साधारण २५० ते ८००० हर्ट्झमध्येच तपासतात, वाघळाचा संबंध नाही.

मोसंबीबाग: पण एवढं ओरडून त्यांचेच कान कसे बसत नाहीत?

परभणीकर: हा खरा प्रश्न. ओरडायच्या ऐन वेळी मधल्या कानातला बारका स्नायू आवळतो, स्वतःचा आवाज दबतो. लगेच सैल पडतो, म्हणून परत येणारा बारीक प्रतिध्वनी ऐकू येतो. गढीवाले, हे प्रकल्पात लिहा, परीक्षक विचारतील.

गढीवाला: माइक मिळत नाही. देवळामागं पिंपळावर मोठी वाघळं पण आहेत, ती चालतील का?

परभणीकर: हे आधी सांगायचं ना! चालतील. फक्त प्रकल्पाच्या नावात प्रतिध्वनी नको, ‘आपसातले आवाज’ असं करा. संध्याकाळी उडायच्या आधी भांडतात तेव्हा घ्या. व्हॉइस नोट नको, तिच्यात आवाज दाबला जातो; वेव्ह (.wav) फाइल घ्या.

गढीवाला: वेव्ह कुठं असतं सेटिंगमध्ये?