पाळायला कोणती बदकं घ्यावी? आवाज कमी हवा

प्रश्न: अंगणात तीन-चार बदकं फक्त हौसेसाठी पाळायची आहेत. तळं नाही, शेजार अगदी लागून आहे. पेकिन जातीची घ्यावी की रनर जातीची?

प्रतिसाद १: शेजार लागून असेल तर आधी आवाजाचा विचार करा. मोठ्याने ‘क्वॅक’ करते ती मादी. नराचा आवाज घोगरा, दबका असतो. कॉल डक दिसायला चिमुकली, पण सर्वांत गोंगाटी, तिचा मोह टाळा. मस्कोव्ही जवळपास मुकी, नुसती फुसफुसते. मात्र ती उडते आणि नखं धारदार असतात.
पेकिन स्वभावाने शांत, माणसाळणारी. पण वजन ४ किलोच्या आसपास जातं, त्यामुळे कडक फरशीवर तळपायाला फोड येऊन पू होतो. खाली मऊ माती किंवा गवत हवंच.

प्रतिसाद २: रनर उडत नाही, गोगलगायी फस्त करते, पण भित्री. उचलून घेऊ देईल ही अपेक्षा नको.

प्रतिसाद ३: तळं नसलं तरी चालेल, पण नाकपुड्या बुडतील एवढं खोल पाणी लागतं, नाहीतर नाक-डोळे चिकटतात. पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देणार असाल तर त्यात ब्रुअर्स यीस्ट (यीस्टची पूड) मिसळा. त्यातून नायसिन हे ब जीवनसत्त्व मिळतं, ते कमी पडलं की पाय वाकतात. आणि एका नरामागे किमान चार माद्या. तेवढी जागा नसेल तर नुसते नर ठेवा. मादी नसेल तर ते सहसा भांडत नाहीत, आणि आवाजाचा प्रश्नही सुटतो!