बिस्बी (ॲरिझोना): आई-बाबांना घेऊन जायचंय, काय काय बघावं?

रानवारा: आई-बाबा भारतातून आलेत. टूसॉनहून बिस्बीला जाऊन एक रात्र राहायचा बेत आहे. बाबांना तांब्याची खाण बघायचीय, आईचे गुडघे दुखतात. खाणीशिवाय काय आहे? किराणा, दवाखान्याची सोय?

तांबडमाती: नक्की जा, माझं फार लाडकं गाव आहे. क्वीन माइन १९७६पासून लोकांना दाखवतात. हेल्मेट, दिवा देतात आणि छोट्या गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसवून आत नेतात. आईंना तसं बसणं जड जाईल, हे आधीच लक्षात घ्या. आत बाराही महिने साधारण ८ अंश, तेव्हा बाबांना स्वेटर हवाच.

पण माझं ऐकाल तर खाणीच्या आधी संग्रहालय बघा. ते खाण चालवणाऱ्या फेल्प्स डॉज कंपनीच्या जुन्या कचेरीत आहे. १२ जुलै १९१७ला इथल्या संपकऱ्यांना आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांना, जवळजवळ १२०० माणसांना, बंदुकांच्या धाकाने घराघरांतून उचललं, गुरांच्या डब्यांत कोंबलं आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं. हे माहीत नसताना खाण बघितली तर नुसती यंत्रं आणि बोगदे दिसतात. त्यात राबणारी माणसं कोण होती, ते बाबांना आधी कळू दे.

रानवारा: हे ठाऊकच नव्हतं. बाबा गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेत, ते तिथून लवकर हलणार नाहीत. आईचं काय करू?

तांबडमाती: मग संग्रहालयाला निवांत वेळ ठेवाच. जुनं गाव डोंगरउतारावर आहे, घरं एकावर एक, मधे सिमेंटचे लांबलचक जिने. आईंना तिकडे नेऊ नका. मेन स्ट्रीटवर हळूहळू फिरता येतं. बाबा खाणीत असतील तेव्हा १९०२चं कॉपर क्वीन हॉटेल दाखवा. मुक्कामही तिथे करता येईल, फक्त खोली घेताना लिफ्टचं आणि पायऱ्यांचं नीट विचारून घ्या.

घाटपायथा: लॅव्हेंडर पिट, म्हणजे तांब्याची उघडी खाण, राहिलं की! हायवेच्या कडेलाच आहे. गाडी लावली, जाळीपाशी गेलं की समोर तांबूस-जांभळ्या टप्प्यांचा प्रचंड खड्डा. काकूंना चालायला लागणार नाही. तिथून लगेच बिस्बीच्याच लोवेल भागातली एरी स्ट्रीट, जुन्या मोटारी लावून ठेवल्यात. किराण्याला सॅन होजे भागात सेफवे आहे. हॉस्पिटलही गावातच आहे.

रानवारा: दोघांचे आभार. आधी संग्रहालय, मग खाण, पक्कं.