ठोकळ्यांची चाळ : जोडण्याच्या छंदाचे अनुभव येथे लिहावेत

गिरगावकर : रविवारी माळा आवरताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हाती आला आणि झाकण उघडण्याआधीच, नुसत्या खुळखुळण्यावरून, आत काय आहे ते मला कळले. मस्कतहून मामांनी आणलेले लेगोचे ठोकळे होते ते. त्यांतून मी आमची तीन मजली चाळ पुन्हापुन्हा बांधत असे. एका रंगाचे ठोकळे पुरत नसल्यामुळे पहिला मजला लाल, दुसरा पिवळा आणि तिसरा जे उरेल त्याचा, असा प्रकार होता. पण सामायिक गॅलरी मात्र दर वेळी हुबेहूब जमे. परवा ते तुकडे लेकीच्या नव्या संचाला घट्ट बसले, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. वर बटणे आणि आत पोकळ नळ्या ही रचना 1958 सालच्या पेटंटातली, आणि ती आजही तशीच आहे. आपणही लिहावे.

डबलडेकरप्रेमी : बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर सप्टेंबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्याच महिन्यात मी एक बांधायला घेतली. वरच्या खिडक्यांची रेघ काही केल्या जुळेना. तीन चपट्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याची उंची होते, हे हिशेब करून नव्हे तर वैतागून इकडचे तिकडे लावताना उमगले, आणि मग दोन रात्री मी दुसरे काहीच केले नाही. कंडक्टर अजून मिळालेला नाही.

परळची मावशी : आमच्याकडे मस्कतचे मामा नव्हते! क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले ठोकळे गणपतीत घट्ट बसत आणि दिवाळीपर्यंत इतके सैल होत, की किल्ल्याचा बुरूज फुंकरीने पडे. तरीही मातीच्या किल्ल्यावर ठोकळ्यांचा दरवाजा फक्त आमचाच असे, याचा तोरा काही औरच.

निवृत्त हिशेबनीस : आठ बटणांचे, एकाच रंगाचे सहा ठोकळे 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, असे वाचून मी नातवासमोर वही घेऊन बसलो. चाळीस प्रकार झाल्यावर तो झोपला. मी आणखी सात केले.

मुलुंडची आई : विषय थोडा बाजूला जाईल, पण विचारते. गिरगावकर दादा, जुने ठोकळे आपण धुतले कसे? मी जुलैमध्ये धुतले, तर नळ्यांमधले पाणी चार दिवस सुकले नाही आणि घरभर कुबट वास सुटला. शिवाय खिडकीत ठेवलेले पांढरे ठोकळे पिवळे पडले आहेत.

गिरगावकर : ताई, पाणी कोमटच घ्यावे, उकळते अजिबात नको, कारण हे प्लास्टिक उष्णतेने वाकडे होते. धुतल्यावर बटणे वर ठेवून टॉवेलवर पसरावेत आणि पंखा लावावा. पिवळेपणा उन्हाचा असतो. माझे पिवळे पडलेले मी तसेच ठेवले, कारण आमच्या चाळीचा चुनाही तसाच दिसे.

परळची मावशी : अंधारात पायाखाली आलेल्या ठोकळ्याबद्दल कोणीच कसे लिहीत नाही? आमचे हे अजून लंगडतात, म्हणजे निदान तसे दाखवतात.

मुलुंडची आई : मावशी, जुनी चादर अंथरून तिच्यावरच खेळायला बसवावे. उठताना चारही टोके उचलली की गाठोडे तयार होते, आणि रात्री दहा वाजता डबा उपडा केल्याचा आवाज खालच्या मजल्यावरही जात नाही. हा शोध खालच्या काकूंनी दोनदा वर येऊन लावायला भाग पाडला.

निवृत्त हिशेबनीस : गिरगावकर, चाळीचा जिना आपण कोठे घेतलात? आमच्या चाळीत तो मधोमध होता आणि मला ठोकळ्यांत तो वळवताच येत नाही.

गिरगावकर : काका, आमचा डाव्या टोकाला होता, त्यामुळे वळणाचा प्रश्न आला नाही. परवा लेकीने मात्र जिना मधोमध घेतला आणि वळणाच्या जागी दोन खोल्या काढून टाकल्या. त्यांतली एक आमची होती.